माग विकून टाक

बाळाजी,

डोळे इतके शिणलेत की अक्षर वाकडं येतंय. इथं आखातात, झिंजमधल्या आमच्या खोलीतला एसीही बंद पडलाय. हे पत्र मी धाडणार नाही, तरी लिहिते.

तीन महिने ऑफिसात एकच काम आहे. अमेरिकेतल्या एका कापडगिरणीच्या मालकाची दीडशे वर्षांपूर्वीची पत्रं स्कॅन होऊन येतात, ती वाचून मी टाइप करते. माणूस वाईट नव्हता. गिरणी तोट्यात गेली तशी त्यानं आधी घोडागाडी विकली, मग राहतं घर. भावाला दरवेळी लिहायचा, "एवढं एक वर्ष बघतो." आज शेवटचं पत्र आलं, ते त्याच्या बायकोचं. हे गेले, गिरणीच्या किल्ल्या कुणाकडे देऊ, असं तिनं दिराला विचारलंय.

ते टाइप केलं आणि जिन्यात जाऊन तुला इचलकरंजीला फोन लावला. तू उचलताच म्हणालास, "ताई, हिचे दागिने गहाण ठेवून सूत आणलंय. अजून एक वर्ष चालवून बघतो की."

मी म्हणाले, "बाळा, माग विकून टाक. आपले आबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."

तुझ्याकडची खडखड थांबली. तू माग बंद केलेस. आता तुझा श्वाससुद्धा मला स्पष्ट ऐकू येत होता.

मग तू म्हणालास, "ताई, मागाच्या आवाजात काही ऐकू येईना बघ. ठेवतो."

मी "बरं" म्हटलं.

तुझी,
रंभाताई