नव्वद पौंडांच्या मेंढ्या

३ सप्टेंबर

नवरा होता तेव्हाची एक सकाळ आज आठवली. मी चुलीतली राख काढली, कोंबड्यांना दाणे टाकले, क्लेमच्या पँटी भिजत घातल्या. लोकरीचा तेलकटपणा एका पाण्यात जात नाही. तो पायरीवर बसून बूट चढवत होता, एक हात पाठीवर. म्हणाला, "मी गेलो की या गावाच्या मातीत घालू नकोस मला. समुद्रात टाक." मी म्हटलं, "तुला पोहता कुठे येतं?" दोघंही हसलो. पण तो थट्टेत बोलला नव्हता.

गेल्या वर्षी जुलैत गेला. त्याच्या राखेचा डबा अजून कपडे धुण्याच्या खोलीत, फळीवर. शेजारी साबण.

५ सप्टेंबर

ॲडलेडहून लेकीचा फोन. टेस म्हणते, "आई, पुढच्या महिन्यात येते. बाबांना समुद्रावर नेऊ, मग तू माझ्याकडेच राहा. घर विकून टाक. किती दिवस त्या डब्याशी बोलणार?"

बोलते, हे हिला कोणी सांगितलं?

८ सप्टेंबर

सभागृहाचं काम बघणारी ग्वेनिथ आली होती. गावच्या सभागृहाला शंभर वर्षं होताहेत, जुन्या फलकांखालच्या चिठ्ठ्या नव्याने लिहायच्या आहेत. "लोरेन, तू एवढी पुस्तकं वाचतेस, तूच लिही." मग हळूच म्हणाली, "त्या एनॉकच्या फलकाचं तेवढं बघ गं. शहरातले पाहुणे हसतात."

एनॉक म्हणजे क्लेमचे आजोबा. १९३८ साली मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडमध्ये इंजिनाच्या पट्ट्यात सापडून गेले. फलकावर आहे — 'विधवेस, शेडमधल्या कातरणाऱ्यांकडून, नव्वद पौंड.' खाली कोणीतरी चिठ्ठी लावली आहे, 'म्हणजे १८० डॉलर.'

क्लेम पंधरा वर्षांचा होता तेव्हा पौंड जाऊन डॉलर आले. शाळेत, दुकानात, रेडिओवर एकच घोकंपट्टी — एका पौंडाचे दोन डॉलर. त्याच वर्षी त्याने हा फलक वाचला आणि आकडा दुप्पट केला. तेवढे तर तो शेडमध्ये झाडू मारून नाताळपर्यंत मिळवणार होता! "आजोबांची किंमत केली गावाने," म्हणायचा. पुन्हा त्या सभागृहात पाऊल टाकलं नाही. आमच्या लग्नाचं जेवणसुद्धा बाहेर गवतावर झालं, वाऱ्यात.

११ सप्टेंबर

वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसले. पाव-मटणाच्या भावाने धरलं तर ते नव्वद पौंड आजचे आठ हजार डॉलर. मजुरीच्या हिशेबाने पस्तीस हजार. ग्वेनिथ विचारते, "यातला खरा कुठला?" दोन्ही खरे. पण दोन्ही वाचून मला काहीच वाटलं नाही.

१४ सप्टेंबर

जुनं वर्तमानपत्र सापडलं. त्या हंगामाचा कातरणीचा दर — शंभर मेंढ्यांना तीस शिलिंग. वीस शिलिंगांचा पौंड. पाकिटाच्या मागे मांडून पाहिलं.

सहा हजार मेंढ्या.

चांगला गडी दिवसाला शंभर कातरायचा. म्हणजे दहा जण आठवडाभर वाकून राबले आणि सगळं एनॉकच्या विधवेच्या, एडाआजीच्या हातावर ठेवलं. ते आठ हजार, पस्तीस हजार मला कळले नव्हते. हे हातांना कळलं. कातरणीच्या दिवसांत क्लेमची पाठ मीच चोळायचे.

घरी येऊन खूप रडले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मग राग आला, त्याचाच. अरे, वाड्यातल्या मेंढ्या नुसत्या नजरेने मोजायचास, हे एकदा मोजून बघायचं नाही?

१७ सप्टेंबर

चिठ्ठी दिली — 'नव्वद पौंड. सहा हजार मेंढ्यांची कातरणी. दहा माणसांची आठवड्याची मजुरी.' ग्वेनिथ वाचून खुर्चीत बसली. "आणि डॉलर?" "लिही खाली. बारीक अक्षरात."

कॉलम खुर्च्या लावत होता. क्लेमच्या हाताखाली कातरणी शिकलेला. वाचून म्हणाला, "सहा हजार? फुकट? माझ्या बायकोने मला घरात घेतलं नसतं." मग टोपी काढून पुन्हा वाचलं.

१८ सप्टेंबर

टेसला फोनवर सगळं सांगितलं.

"म्हणजे बाबा आयुष्यभर उगाचच..."

"हो."

"पण त्यांनी तुला सांगून ठेवलं होतं, आई."

तेच मलाही टोचतं. गेलेल्या माणसाचा शब्द पाळायचा, की त्याची चूक निस्तरायची? डब्याला विचारलं. गप्प. जिवंतपणीही चूक पदरात पडली की असाच गप्प बसायचा.

झोप मात्र छान लागेल असं वाटतंय.

२० सप्टेंबर

फोननंतर दुसऱ्याच दिवशी टेस गाडी घेऊन आली. क्लेमला आम्ही गावाच्या दफनभूमीत, त्याच्या आजोबांच्या शेजारी ठेवलं. खड्डा कॉलमने खणला. येताना त्याच्या पलीकडची जागा मी माझ्या नावावर करून आले.