घामाचा कागद

नागपूर, ९ फेब्रुवारी १९८४, संध्याकाळी

आज प्रयोगशाळेत पुन्हा विलासच. मॅडम तुरीच्या डाळीतली अमिनो आम्लं मोजतात, त्या मशीनवर हाताखाली त्यालेच घेतलं. मी त्याच्या आधी कामाले लागलेला. गॅसचे सिलिंडर जिन्याने मीच वर चढवतो. मशीनमधली केसासारखी बारीक नळी स्टेशनवरून मांडीवर धरून मीच आणली. पण तो मॅट्रिक, मी चौथी. अन् मी गावाले लिहून बसलो, आता मशीनवर जाणार म्हणून.

सकाळी त्याने नुसतं पाणी मशीनले लावलं. कागदावर सरळ रेघ यायला पाहिजे होती, तर टेकड्याच टेकड्या. मले बरं वाटलं, खोटं काहून लिहू? वाटलं, गेला हा आता.

मॅडम उलट हसल्या. "अरे, बाटलीच्या तोंडाला बोट लावलंस. घामातही अमिनो आम्लं असतात. हा तुझाच घाम." त्याले हातमोजे दिले, अन् सगळ्यांनी शिकावं म्हणून तो कागद भिंतीवर चिकटवला.

चपराशी शामराव म्हणाले, "काय गा विलास, फोटो लागला तुझा." सगळे हसले. मीही हसलो.

पण तो कागद डोळ्यांपुढून जाऊन नाही राहिला. चूक त्याची, अन् भिंतीवरही तोच. माझा घाम रोज जिन्यावर गळते, त्याची एक टेकडी कोणी काढली नाही.

निघताना मॅडम म्हणाल्या, "उद्या विलासच्या बाटल्या तूच धू. तुझ्या स्वच्छ असतात."

एकीले बोट लावावं, असं मनात आलं. पण नाही. माझा घामही त्याच्याच नावाने भिंतीवर लागेल.