बरणीचा रोजच गुरुवार

काळाचौकी, मुंबई

आदरणीय दादा,

शेवंतीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचं तोंड, दोन्ही नीट चालत असतील. (एवढी ओळ वहिनींना वाचून दाखवू नका.)

इकडे सगळं मजेत आहे. पत्र अशासाठी, की फोनवर बोललं तर अख्खी चाळ ऐकते. गेल्या महिन्यात तुम्ही जांभळांची टोपली पाठवलीत ना, तिची आमच्या सूनबाईने, मनालीने, वाईन घातली आहे. ती वाईनच्या कंपनीत कामाला आहे, ठाऊकच आहे तुम्हाला. पण ही वाईन म्हणे नैसर्गिक. वरून यीस्ट नाही, साखर नाही, औषध नाही, गाळणंसुद्धा नाही. फळ आपलं आपण आंबतं, आपण नुसतं बघत बसायचं. शिवाय व्हिगन! म्हटलं, म्हणजे गो काय? तर दूध, अंडं, मासळी, काही म्हणजे काही नाही. म्हणजे रोजच गुरुवार की हो! (बाकीचे काही लोक वाईन नितळ व्हावी म्हणून तिच्यात अंड्याचा पांढरा बलक नाहीतर माशाचं कसलंसं घालतात म्हणे. चांगला मासा असा वाया घालवायचा?)

महिनाअखेरीस तिच्या मॅडम चाखायला घरी येणार. आवडली तर पुढच्या हंगामात मनालीला स्वतःच्या नावाची वाईन करायला देणार. पोर नुसती हरखून गेलीय. मधेच ट्रेनिंगसाठी नाशिकला जावं लागलं, तेव्हा हात जोडून म्हणाली, "आई, बरणीला कुणीही हात लावायचा नाही हां." दादा, चाळीत? इथे एकीचा कुकर वाजला की गॅस बारीक करायला दुसरी धावते!

ती जिना उतरते न उतरते तोच शेजारच्या रमाबाई आल्या. बुडबुडे बघून म्हणाल्या, उपाशी दिसते, आणि मूठभर साखर घालून गेल्या. ह्यांना गावची विहीर आठवली, ह्यांनी तुरटी फिरवली. मी मेली कळ काढून होते. पण रंग असा गढूळ, की मॅडमपुढे लाजच जायची. म्हणून गावठी अंड्याचा पांढरा बलक घातला, एकच हो. वार बुधवार, त्यामुळे मनाला काही लागलं नाही. गुरुवारी देवाला फूल वाहताना आठवलं, अगो बाई, त्या बरणीचा तर रोजच गुरुवार! पोर माझ्या भरवशावर ठेवून गेली होती, दादा. फार वाईट वाटतंय.

बाकी क्षेम. जेवण जातं, झोप लागते.

तुमची,
शेवंती

ता. क. शेवटची जांभळं असतील तर टोपलीभर गुपचूप पाठवा. बरणी बदलून टाकते.

ता. क. आणखी एक. वाईन फेकवेना, म्हणून ह्यांनी चाखली. झकास म्हणतात. रमाबाई वाटी घेऊन दोनदा येऊन गेल्या.

ता. क. (मनालीकडून) मामा, नमस्कार. मी आजच परतले, आणि तुमच्या भाच्याने हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलं. काळजी नको. खरी बरणी सुखरूप आहे. आमच्या घरात कुणी कधी हात लावत नाही अशी एकच वस्तू आहे, बाबांची व्यायामाची सायकल. तिच्यामागे झाकून ठेवलीय. आईंना सांगू नका. जांभळं मात्र पाठवाच. हात लावायला त्यांना दर वर्षी एक बरणी लागणार.