वारलेली बेबाबाई

मुंबई, १४ फेब्रुवारी १९९१

तीर्थरूप जीवरामभाऊंना बेबीचा नमस्कार.

तपासणी झाली. गर्भपिशवीच्या कॅन्सरवर उपचार घेऊन सहा वर्षं झाली, आता काही नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण आधी माझा कागदच सापडेना. तो मेलेल्यांच्या गठ्ठ्यात होता. दवाखान्याने पाठवलेल्या चौकशीच्या कार्डावर तुम्ही ‘वारली’ लिहिलंत, भाऊ. अक्षर मी ओळखलं. दवाखान्याची कार्डं तुमच्या घरी येत राहिली, तर तुमच्या पुष्पाच्या सोयरिकीत माझा आजार आडवा येईल म्हणून ना? निदान मला विचारायचं तरी.

बाकावर साक्रीची एक बाई किरणांचा शेक घ्यायला नाही म्हणत होती. “यातून कोण वाचतं?” म्हणे. मी म्हटलं, “मी वाचले.” तेव्हा ती आत गेली.

वहिनींचे गुडघे कसे आहेत? पुढच्या शुक्रवारी येते. पाहुण्यांना मीच सांगेन.

तुमची जिवंत बहीण,
बेबाबाई