आईच्या थडग्यावरचे शंख

फ्रेडरिकस्टेड, सेंट क्रॉय बेट
६ फेब्रुवारी १८४८

चि. सेव्हरीन हिला अबेलोनताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि लेस पोचली. लेस माझ्या पोरींनी तिथल्या तिथे वाटून घेतली. तुझ्या हातची एवढी सोवळी लेस कुणाच्या अंगावर चढली हे तुझ्या पाद्रीबाबांना सांगू नकोस, बिचाऱ्यांना घास गिळायचा नाही.

खानावळ (तू तिला काय म्हणतेस ते ठाऊक आहे, लिहायची तसदी घेऊ नकोस) बरी चालली आहे. सध्या रोज शंखाचं कालवण असतं. शंखातला मांसाचा गोळा खाल्ला की पुरुषाला घोड्याचं बळ येतं अशी किल्ल्यावरच्या साहेबांची समजूत आहे, आणि ती मोडणारी मी कोण? परसातल्या चिंचेला मी जिवंत शंख गोळ्यात आकडा अडकवून टांगते. आपल्याच कवचाचा भार सोसेनासा झाला की आतला जीव पकड सोडतो आणि कवच खाली वाळूत पडतं. दुपारी सगळं घर झोपलेलं असतं, मी पडल्या पडल्या ऐकत असते. धप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप्. अशा वेळी डोळा लागतो न लागतो तोच मला आई पायरीवर बसलेली दिसते. नुसती पाय चोळत असते.

तबिताचं विचारलंस. माझी लेक अजून मळ्यावरच आहे. तिच्या जन्मानंतर मी सुटले, म्हणून ती मालकाची. तिचा नथान राजाच्या गेल्या वर्षीच्या फर्मानाआधी जन्मला, म्हणून तोही मालकाचा. फर्मानानंतरची पोरं जन्मतःच मोकळी, त्यामुळे शेजारच्या झोपडीतलं तान्हं मोकळं आणि आमचं गुलाम. बाकीच्यांनी म्हणे सुटायला बारा वर्षं वाट बघायची. मी पुन्हा दोघांना विकत मागायला गेले होते. मालक हसला, म्हणाला की तुझ्या घरात येण्यापेक्षा ती माझ्या उसात बरी. आता ऐकते की ऊसतोडणी संपली की तो दोघांना गुपचूप पोर्तो रिकोला विकणार आहे. तिथून कुणी परत आलेलं मला तरी माहीत नाही.

एक काम कर. बागेच्या वाटेला कड करायची आहे. तुमच्या बंदरावर मिळतील तेवढे मोठे शंख पाठव.

थोरलीवरचा लोभ आहे तेवढा राहू दे, थोडा वाढला तरी चालेल.

तुझी,
अबेलोन

◆

शार्लट अमाली, सेंट थॉमस
२ मार्च १८४८

ती. अबेलोनताईस धाकटीचा नमस्कार. वि. वि.

पिंपभर शंख लोरेन्सच्या गलबतातून पाठवले आहेत. कोळणींकडून एकेक निवडून घेतले, हाताला अजून वास आहे. रविवारी प्रार्थनेला माझ्या शेजारी कुणी बसेना.

पण ताई, तुला बागेचा नाद कधीपासून? तुझ्या हातून निवडुंगसुद्धा जळतो.

तबितासाठी रोज देवाजवळ मागते. रडू येतं. ती लहानपणी माझ्या मांडीवर झोपायची तेव्हा झोपेत माझा अंगठा धरून ठेवायची, तेवढंच डोळ्यांपुढे येत राहतं. तू मात्र रागाच्या भरात काही करू नकोस. तुझा राग मला माहीत आहे, आधी हसतेस आणि मग घर पेटवतेस.

आणि त्या धंद्याबद्दल मी पुन्हा लिहिणार नव्हते, पण लिहिते. कुंटणखान्याची पायरी मी चढणार नाही असं म्हटलं होतं, ते अजून म्हणते. त्याने माया कमी झाली असं समजू नकोस.

मायेत अंतर पडू देऊ नये.

तुझी,
सेव्हरीन

◆

फ्रेडरिकस्टेड
११ एप्रिल १८४८

चि. सेव्हरीन हिला आशीर्वाद. वि. वि.

शहाणे, पिंप उघडलं आणि कपाळाला हात लावला. तुझ्या एकूण एक शंखाला शेंड्याखाली भोक आहे! कोळणी भोक पाडून सुरी घालून गोळा काढतात, हे काय तुला ठाऊक नव्हतं? आपला मामा पाणबुड्या, आणि आपण त्याच्या होडीत वाढलो. मेणाने भोकं बुजवून पाहिली. छे, दमेकऱ्यासारखे निघाले. ते सगळे तसेच पडवीत पडले आहेत आणि मांजर त्यांत पिल्लं घालायचा विचार करते आहे.

मळ्यांवर पानं पिवळी पडली आहेत, तोडणी लवकरच संपेल. शनिवारी मळ्यांवरच्या बायका बाजाराला येतात त्या माझ्या मागच्या दाराने रताळी घालून जातात. जाताना रिकाम्या टोपल्या नेत नाहीत, एवढंच सांगते. तुझी पत्रं हल्ली माझ्याआधी टपालातला कारकून वाचतो. त्यालाही माझा नमस्कार, आणि मागच्या खेपेची बाकी द्यायची राहिली आहे त्याची आठवण.

मायेची आठवण राहू दे.

अबेलोन

◆

शार्लट अमाली
९ मे १८४८

ताई,

नमस्कार लिहायचं मन होत नाही.

आमच्या प्रार्थनेला येणाऱ्या लुसिंदाबाई तिकडून आल्या. आधी गुळमुळीत बोलल्या, मग चहा संपल्यावर सांगितलं की आपल्या आईचं थडगं बोडकं झालं आहे. चारी बाजूंचे शंख गेले. विचारपूस केली तर कळलं, अबेलोनबाईंनी स्वतः गाडी आणून उचलून नेले. बागेला शोभतात म्हणे.

आई गुलाम म्हणून मेली, ताई. आयुष्यभर तिचं स्वतःचं म्हणून काही नव्हतं. मामाने बुड्या मारून तेवढे शंख तिला आणून दिले, तेही सगळे अखंड. एकही भोकाचा ठेवू दिला नाही. भोकातून जीव निसटतो आणि समुद्रावर भटकत राहतो, म्हणायचा. आणि तू ते उचलून तुझ्या गिऱ्हाइकांच्या वाटेला लावलेस?

मी तुला बरंच माफ केलं आहे. हे होणार नाही. याचं उत्तर आल्याशिवाय मी पुढे लिहिणार नाही.

सेव्हरीन

◆

फ्रेडरिकस्टेड
१४ जून १८४८

माझ्या सेव्हरीनला ताईचे पुष्कळ आशीर्वाद.

हे टपालाने नाही, लोरेन्सच्या हाती देते. वाच आणि चुलीत घाल.

तू रागावलीस ते बरोबरच. मीही आईची क्षमा मागूनच हात लावला. माझ्या बागेत एकही शंख नाही गं. बागच नाही. मळ्यावर एकच शंख असतो, तो मुकादमाकडे, कामावर हाकायला. आता प्रत्येक मळ्यावर आपला एक हवा आहे, एकाच वेळी वाजेल असा. सगळ्यांनी एकदम बाहेर पडायचं, ऊस जाळायचा नाही, माणूस मारायचा नाही, सरळ किल्ल्यासमोर येऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, आज. बारा वर्षांनी नाही, आज.

शेंडा कापून तोंड करतो तो योखुम, तबिताच्या मळ्यावरचा पिंपं बनवणारा आणि आपल्या नथानचा बाप. भोकाचा शंख वाजत नाही, म्हणून तुला त्या पत्रात तेवढी बोलले. माझ्या चिंचेखाली पडतात ते सगळे टोपल्यांतून गेले, तरी पुरेनात. तुझं पिंप बिनभोकाचं आलं असतं तर पुरले असते. मग कुणाकडे मागायचे? आईकडेच मागितले.

किल्ल्यावरचे साहेब माझ्या टेबलाशी बसून कुठली पलटण कुठे, तोफांची दारू कुठे, सगळं सांगतात. त्यांना वाटतं मी गल्ला मोजते आहे.

मला भीती वाटते. तसं कुणाला सांगत नाही, तुला सांगते. हे फसलं तर मला फासावर देतील आणि तबिताला जहाजावर. पण परवा स्वप्नात आई पायरीवरून उठली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उठली. समुद्राकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली की अबेलोन, पाय दुखायचे थांबले.

आता रागाव किंवा नको रागावू, पण मला टाकू नकोस.

अबेलोन

◆

शार्लट अमाली
२१ जून १८४८

ती. अबेलोनताईस धाकटीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या बागेसाठी दुसरं पिंप पाठवते आहे. या खेपेला कोळणींना मी सांगितलं की भोक पाडाल तर गाठ माझ्याशी आहे. त्या म्हणाल्या की बाई, तुमची लेस बघून वाटलं नव्हतं तुम्ही अशा असाल. आमच्या अंगणात पेरूच्या फांदीला मीच आकडे लावले. धप् असा आवाज येतो, खरंच येतो. दुपारी मीही जागी राहून ऐकते. पाद्रीबाबांना सांगितलं की शंख गरिबांसाठी आहेत. खोटं नाही बोलले.

आईला सांग की धाकटी चुकली.

सांभाळ. मला दुसरी बहीण नाही.

सेव्हरीन

◆

फ्रेडरिकस्टेड
२३ जुलै १८४८

चि. सेव्हरीन हिला अबेलोनताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं दुसरं पिंप वेळेत पोचलं. लुसिंदाबाईंनी तुला बातमी सांगितलीच असेल. पण माझ्याकडून ऐक.

शंख वाजायचे होते त्या संध्याकाळी साहेबांचं टेबल भरलेलं होतं. मी खिडक्या लावून घेतल्या, वारा लागतो म्हटलं, आणि फिडलवाल्याला थांबू नकोस म्हणून बजावलं. माझ्या पोरी कधी नाचल्या नसतील अशा नाचल्या. साहेब शंखाचं कालवण ओरपत होते आणि बाहेर डोंगरापासून समुद्रापर्यंत शंख वाजत होते. मी वाढायला म्हणून उठले, मागच्या दारात जाऊन उभी राहिले. एक मळा थांबला की दुसरा धरायचा. ते माणसांनी वाजवलेलं वाटतच नव्हतं गं, बेटच झोपेत हुंकारत होतं. त्यात आपल्या आईचे कुठले हे मला कळलं नाही. सगळेच तिचे वाटले.

सकाळी किल्ल्यासमोर माणसांना उभं राहायला जागा नव्हती. गव्हर्नर आले आणि त्यांना ‘मोकळे’ हा शब्द उच्चारावा लागला. तबिता गर्दीतून आली, नथान कडेवर. मी तिला म्हटलं आत ये, तर म्हणाली की आई, मी पुढच्या दाराने येणार. मग पुढच्या दाराने आली, आणि पोराला घेऊन माझ्या बिछान्यावर दुसऱ्या दुपारपर्यंत झोपली.

आता पुढचंही ऐक. दोन दिवसांनी शिपाई मळ्यांवर फिरले. ज्यांनी शंख वाजवले त्यांना धरलं. योखुमने आपला शंख टाकून दिला असता तर वाचला असता. पण तो आईच्या थडग्यावरचा होता, परत करायचा म्हणून त्याने तो कमरेला बांधलेला होता. त्याला मळ्याच्या वेशीवर गोळी घातली, मोकळा माणूस झाल्यावर. तबिता रडत नाही. तो शंख तिने उशाशी घेतला आहे आणि मी मागत नाही.

बाकीचे परत आले, सेव्हरीन. कुणी काही न सांगता, बायका शनिवारच्या टोपल्यांतून घेऊन आल्या आणि थडग्याभोवती लावून गेल्या. एकच जागा रिकामी होती. तिथे मी तुझ्या पहिल्या पिंपातला एक लावला, भोकाचा. मामा असता तर ओरडला असता. पण सगळ्यांचे शेंडे कापलेले आहेत, त्यात तुझ्या एकाला भोक. आईला जायचं असेल तर आता वाटा आहेत. अडवून ठेवायला कुणी नाही.

तेव्हापासून ती स्वप्नात येत नाही. पायरी रिकामी असते. तू येऊन बसशील का? खानावळ बंद केलेली नाही, उगीच आशा धरू नकोस. पण तबिता विचारते आहे, आणि झोपेत अंगठा धरायची सवय आता नथानला लागली आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
अबेलोन