एबो (बेल्जियम)

३ फेब्रुवारी, सोमवार
घरातल्या थोरांची बैठक झाली. माझा भाऊ इसिल्फी याची मयत येत्या बावीस तारखेला, शनिवारी. तो नाताळापासून शवागारात आहे. त्याला घाई नाही, आम्हालाही नव्हती.
दुसरी बातमी मोठी. सोळा तारखेच्या मॅचला बेल्जियमच्या क्लबचा एक गोरा येतोय. स्ट्रायकर निवडायला. म्हणजे माझा नातू एबो. अख्ख्या सेकोंडी गावात दुसरा आहे कोण? बाकीचे चेंडूमागे पळतात, एबोमागे चेंडू पळतो. ठरलंच म्हणायचं.
संकल्प: आजपासून एबोच्या करिअरकडे जातीनं लक्ष. पण तोंड बंद.

५ फेब्रुवारी, दुपारी
सरावाला गेले. नुसती बघायला. कोच बेंटसिल एबोला कडेला खेळवत होता. मी त्याला काहीही बोलले नाही. कुंपणाशी उभी राहून स्वतःशीच, जरा मोठ्यानं म्हणाले, ज्याचं पोट मैदानात आधी येतं आणि तो मागून येतो, त्यानं दुसऱ्याला जागा दाखवू नये. पोरं हसली. कोच म्हणाला, आजीबाई, घरी जा, तुमचे मासे करपत असतील. म्हटलं, माझे मासे मला विचारल्याशिवाय करपत नाहीत.
संध्याकाळी एबो म्हणाला, आजी, तुझ्यामुळे मला मैदानाला जास्तीच्या फेऱ्या मारायला लावल्या. बघा! लक्ष घातल्याबरोबर फायदा. दम वाढेल.
(मासे थोडे करपले. लाकूड ओलं होतं.)

९ फेब्रुवारी, रविवार
मॅच. सकाळी एबोला मक्याच्या केंकीचे चार गोळे, तळलेला मासा आणि मिरचीचा ठेचा खायला घातला. नको नको म्हणत होता. स्ट्रायकरला वजन पाहिजे, नाहीतर कुणीही ढकलतं.
आज कुणी ढकललं नाही. तो एका जागीच उभा होता.
पेनल्टी मिळाली. चेंडू गोलवरून गेला, भिंतीवरून गेला आणि नारळवाल्याच्या गाडीत पडला. वाऱ्याची चूक. माझी मुलगी अराबा, म्हणजे एबोची आई, म्हणाली, आई, वारा कुठे होता? ही जन्मापासून उलटं बोलते. बापावर गेलीय.

१० फेब्रुवारी
मयतीचा बॅनर करायला फिफीच्या दुकानात गेले. बॅनरवर मेलेल्याचा फोटो, खाली घरच्यांची नावं, नावापुढे कंसात कोण कुठे असतं ते. शेजारच्या मान्साच्या नवऱ्याच्या बॅनरवर दोन लंडन आणि एक इटली होतं. वर्षभर ती मान वर करून चालतेय. आमची यादी वाचली: सेकोंडी, सेकोंडी, ताकोराडी, सेकोंडी. ताकोराडी तर शेजारचंच गाव. शरम वाटली. लोक म्हणतील, या घरात बस पकडायचीही अक्कल कुणाला नाही.
म्हणून एबोपुढे बेल्जियम लिहायला सांगितलं. फिफी म्हणाला, गेला का तो? म्हटलं, तुझी शाई वाळेपर्यंत जाईल. फोटोही टाकला, नऊ नंबरच्या जर्सीतला. इसिल्फीच्या फोटोपेक्षा थोडा मोठा आलाय. इसिल्फी दिसायला बेताचाच होता.

१३ फेब्रुवारी
बॅनर लागला. मुद्दाम स्टेडियमच्या चौकात लावून घेतला. मान्सा खाली उभी राहून दोनदा वाचून गेली. मग मला म्हणाली, अभिनंदन हो! ओठ इतके आवळलेले की चिंच खाल्ल्यासारखे.
एबो मात्र ओरडत आला. आजी, अगं त्यांनी मला अजून पाहिलंसुद्धा नाही! म्हटलं, गाढवा, म्हणूनच फोटो मोठा टाकलाय. तो म्हणाला, काढ तो. म्हटलं, मेलेल्या माणसाचा बॅनर मयतीआधी काढत नाहीत. तो पाय आपटत सरावाला गेला.
टॅक्सीवाले, चहावाली, सगळ्यांना सांगून ठेवलं: कुणी विचारलं तर म्हणायचं, तो बेल्जियमचा.

१६ फेब्रुवारी, रविवार
दोन गोल! एबोनं दोन गोल केले! एक डोक्यानं, एक पायानं. गोरा आला होता. टोपी घालून, लालबुंद, उकडलेल्या खेकड्यासारखा. दुसऱ्या गोलला तो उठून उभा राहिला. मी डोळ्यांनी पाहिलं.
मॅचनंतर तो गोलकीपर काक्राशी बोलला आणि गाडीत बसून गेला. काक्राकडून एबोची चौकशी करत असणार. परदेशी लोक हुशार, थेट विचारत नाहीत.
उद्या तो घरी येईल. खुर्ची पुसून ठेवली.

१७ फेब्रुवारी
आला नाही. कोच आला. खुर्चीत बसला नाही.
म्हणाला, आजीबाई, तो गोरा मॅचआधीच मला म्हणत होता, चौकातला तो नऊ नंबर मस्त दिसतोय, पण त्याला बेल्जियमच्याच कुणीतरी आधी घेतलाय वाटतं. मी शपथा घेतल्या. त्यानं टॅक्सीवाल्याला विचारलं, चहावालीला विचारलं. सगळे म्हणाले, हो साहेब, तो बेल्जियमचा. तो म्हणाला, दुसऱ्याच्या करारातल्या खेळाडूला मी हात लावत नाही. स्ट्रायकर नाही तर गोलकीपर, म्हणून काक्राला घेऊन गेला.
काक्राला! ज्याला झोपलेली कोंबडी धरता येत नाही!
मी टॅक्सी करून हॉटेलात गेले. गोरा पहाटेच अक्राला गेला होता. टॅक्सीवाला वाटेत म्हणाला, मी चोख सांगितलं ना, आजी? मी भाडं दिलं नाही.
चूक सगळी फिफीची. बेल्जियम एवढ्या मोठ्या अक्षरांत कुणी सांगितलं होतं?
एबो घरात होता. भिंतीकडे तोंड करून पडून होता. मी सूप ठेवलं. पातेलं तसंच राहिलं. मीठ जास्त झालं असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार
मयत झकास झाली. न बोलावलेलेही आले. माईकवाल्यानं जाहीर केलं, मामाआजोबांसाठी खास बेल्जियमहून आलेले आपले एबो! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला उभं राहावं लागलं. काळ्या कपड्यांत चांगला दिसत होता. म्हाताऱ्यांनी विचारलं, तिकडे थंडी कशी आहे? तो म्हणाला, फार. मग सगळ्या चुलत्यांनी त्याच्याकडे बूट मागितले.
मला समाधान वाटलं. निदान भावाची शोभा झाली.

१ मार्च, शनिवार
एबो सोमवारीच गेला. टोगोत कुठलातरी क्लब आहे, दुसऱ्या डिव्हिजनचा. कोचनंच जमवून दिलं. पहाटेची बस होती. मी वाटेसाठी केंकी बांधून दिली, ती त्यानं घेतली. म्हटलं, क्लबचं नाव सांगून जा, प्रार्थनेला नाव लागतं. म्हणाला, पोचल्यावर सांगतो.
अजून सांगितलेलं नाही. अराबाला माहीत आहे, पण ती सांगत नाही. कोचला माहीत आहे, तो मला पाहून रस्ता बदलतो. मान्सालासुद्धा माहीत आहे म्हणे.
एबोलाच नीट ठाऊक नसेल. पोरगा आधीपासूनच विसरभोळा.