वाकळेचं तोंड

निंबर्गा. कार्तिक वद्य तृतीया, फसली १३४७

पोचलो बाई एकदाचे! उदगीर सोडून आज तिसरा दिवस. आगगाडी झाली, सर्व्हिस मोटार झाली, आळंदपासून पुढं बैलगाडी. मोटारीत मास्तरांना उलटी झाली, मला नाही आणि शकूलाही नाही, हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर ते पुढं लोकांना उलटंच सांगत फिरतील. मास्तर म्हणजे आमचे हे. इथल्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, त्यांची बदली झालीय.

घर मला आवडलं. दोन खणांचं माळवद, आत फळ्यांचा माळा, मागं परडं आणि परड्यात शेवग्याचं झाड. भांडी एका पेटीत आली आणि चिंध्यांची गाठोडी भरली पाच. मास्तर वाटभर चिडवत होते की लोक घर हलवतात, आमची बायको चिंध्या हलवते. म्हटलं, थंडी पडू द्या, मग बघते कोण कुणाच्या वाकळेत शिरतंय ते. मला चिंधी टाकवतच नाही. लुगडं विरलं की त्याची वाकळ, वाकळ विरली की उशी, उशी विरली की पोतेरं. दोन वाकळा अर्धवट शिवून आणल्यात, त्या इथं पुऱ्या करीन.

घरमालकीण ईरम्माक्का शेजारीच राहतात. एकट्याच आहेत, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. गळ्यात लिंग, हाताला सदा जोंधळ्याचं पीठ. मराठी बोलतात, पण कानडी हेल काढून. मला पहिल्याच दिवशी राजूबाईची राजव्वा करून टाकलं. बाकी गल्ली सगळी कानडी. दिवसभर बोलायचं कुणाशी? म्हणून मास्तरांकडून हजेरीचं जुनं पुस्तक मागून घेतलं. त्याच्या कोऱ्या पानांशी गप्पा मारते.

कार्तिक वद्य षष्ठी

पहिली वाकळ पुरी झाली. दुसरीला कापड पुरेना म्हणून माळ्यावर काही जुनंपानं मिळतं का बघायला चढले, आणि काय सांगू, घबाडच हाती लागलं! गुंडाळी करून ठेवलेली एक वाकळ. इकडं तिला कौदी म्हणतात. पण टाका बघावा तो असा! तांदळाच्या दाण्याएवढा, सरळ, चारी बाजूंनी आत आत येत मधल्या चौकोनापर्यंत गेलेला. मी उदगिरात शिवणाच्या तोऱ्यात नाक वर करून फिरणारी बाई, पण इथं माझं नाक खाली आलं.

एका कोपऱ्यात फक्त वीतभर शिवायची राहिलीय. सुई दोऱ्यासकट तिथंच टोचलेली. एवढी मेहनत करून वीतभरासाठी कोण सोडतं? दोन हातांनी खाली ओढली तर चांगलीच जड लागली. मधोमध एक मऊ गोळा हाताला येतो. आतली चिंधी गोळा झाली असेल, धुतल्यावर बसेल.

शकू तिच्यावर बसून टाळ्या पिटायली. दीड वर्षाची झाली आता. आधीची दोन राहिली नाहीत, ही तिसरी. हिच्या पायातले चांदीचे वाळे इतके घट्ट झालेत की सोनाराकडून कापून घ्यावे लागतील. माझ्याच लेकराला माझी दृष्ट लागू नये, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

कार्तिक वद्य दशमी

आज सोमवार. ईरम्माक्का भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा घेऊन आल्या आणि माळ्यावर चढायला लागल्या. गेल्या सोमवारीही अशाच चढल्या होत्या, गाडगी बघते म्हणून. मी हसत विचारलं की अक्का, तुमच्या गाडग्यांना गूळ-भाकरी लागते का? तेवढ्यात त्यांना खाली पसरलेली कौदी दिसली आणि चेहरा उतरला. म्हणाल्या, हिचं तोंड शिवू नको. कामून, तर म्हणे तिला खायला लागतं. इकडची रीतच आहे म्हणे, कौदी मिटायच्या आधी तिच्या पोटात भाकरीचा घास घालायचा. उपाशी कौदी मिटायची न्हाई. आणि ही तर उघडीच ठेवायची.

मी हो ला हो केलं. पण भाकरी घातली की मुंग्या येणार, उंदीर येणार! आमच्या माहेरची रीत बरी. ज्याच्यासाठी वाकळ, त्याच्या अंगावरच्या जुन्या कापडाची पट्टी आत घालायची, म्हणजे वाकळेला आपलं माणूस कळतं. मास्तरांना ती रीत रंगवून सांगितली, तर म्हणाले, तुझ्या माहेरची वाकळही शहाणी.

दुपारी बसले आणि शकूच्या पहिल्या टोपड्याची पट्टी कापून कोपऱ्यातून आत सारली. वर माझ्याच गाठोड्यातला हिरव्या खणाचा तुकडा लावला आणि तोंड शिवून टाकलं. गाठ मारताना दोरा आतून ओढल्यासारखा वाटला. जुनं कापड, ताण असतो.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

शकूला दुसरी वाकळ चालेना. हीच पाहिजे. घातली की दोन मिनिटांत डोळा लागतो, काढली की रडून घर डोक्यावर घेते. वाकळ दुपारीसुद्धा ऊबदार असते, सावलीत ठेवली तरी. मास्तर म्हणतात, अशी वाकळ शिवणारीला मदरशात मास्तरीण करायला पाहिजे.

ईरम्माक्का सोमवारी आल्या, शिवलेला कोपरा बघितला. हातातली भाकरी खाली पडली. तशाच परत गेल्या. राग आला असेल. मीही अशी आगाऊ, जाऊन विचारायला पाहिजे होतं. गेले नाही.

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

आज शकूला न्हाऊ घालताना उजव्या पायातला वाळा आपोआप निघून पाटावर पडला.

खाते व्यवस्थित. सकाळी दूध-भाकरी, दुपारी वरण, मध्ये लाह्या. माझ्याहून जास्त जेवते म्हटलं तरी चालेल. आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसायल्या. वैद्यानं जंताचं औषध दिलं.

वाकळ उन्हात घालायला गेले तर एकटीला उचलेना. आत आता दोन गोळे लागतात.

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

मी मास्तरांना म्हटलं की ह्या वाकळेत काहीतरी आहे. ते हसले, पण शकूचे हात बघून हसू थांबलं. सकाळी वाकळ खांद्यावर टाकून ओढ्याकडं गेले, टाकून येतो म्हणाले. ओढा किती लांब? पाव कोस. ते पोचले असतील नसतील, शकू माझ्या मांडीवर गार पडली. ओठ निळे. चुलीपुढं धरली, छातीशी धरली, काही केल्या ऊब येईना. मी रस्त्यानं ओरडत पळाले. आणा परत! आणा ती परत!

वाकळेत गुंडाळली आणि पाच मिनिटांत हसली.

मास्तर म्हणतात, हवेनं झालं. म्हणत म्हणत वाकळेची कड तिच्या पायांखाली खोचली.

मार्गशीर्ष वद्य नवमी

वाकळेत ठेवावं तर झिजते, बाहेर काढावं तर गारठते. मी काय करू? माझ्याच हातानं शिवलं मी ते तोंड. माझ्याच हातानं.

आज निखारा घेऊन वाकळेच्या काठाला जरासा लावला. जळते का बघायला. शकू आतून किंचाळली. तिच्या टाचेला फोड आला. त्याच बाजूला. निखारा तिच्यापासून हातभर लांब होता.

ईरम्माक्कांचे पाय धरले. त्या रडल्या आणि सगळं सांगितलं. वाकळ त्यांच्या जावेची, निलम्माची. दुष्काळात घरात दाणा नव्हता, तेव्हा तिनं घास न घालताच तोंड शिवलं. भुकेल्या कौदीनं तिचं अंगावरचं पोर नेलं. पोर झिजत झिजत गेलं, आणि आत एक गोळा आला. मग निलम्मानं कोपरा उसवला आणि रोज भाकरी घालायला लागली, तेव्हा ती शांत झाली. जाळू का दिली नाही, तर म्हणे आत माझं लेकरू आहे. मरताना ईरम्माक्कांकडून वचन घेतलं. त्या सोमवारच्या सोमवारी घास घालत आल्या. घर ओस पडू नये, दिवा लागावा, म्हणून आम्हाला ठेवलं आणि खरं सांगायची लाज वाटली.

मी म्हटलं, आत्ता उसवते, भाकरी घालते. अक्का म्हणाल्या, आता ती भाकरी घेणार न्हाई, राजव्वा. लेकराची पट्टी घालून तू तिला माणसाची चव दिलीस.

येळवस. मार्गशीर्ष अमावस्या

सगळं गाव शेतात. काळ्या आईला भज्जी-आंबिलाचा नैवेद्य दाखवायला लोक गाड्या भरून गेलेत. मास्तरांनाही कुणीतरी नेलं. घरात मी, शकू, अक्का.

अक्का म्हणाल्या की एकाचं कापड काढून दुसऱ्याचं घालता येतं. आपणहून दिलं तर.

कोपरा उसवला. हात घातला. आत चिंध्या लागल्या नाहीत. ओलसर, ऊन, लेकराच्या टाळूला हात लावावा तसं. हाताला कापड आलं, ओढलं. मी बोटभर पट्टी घातली होती. बाहेर अख्खं टोपडं आलं. बंदासकट. त्याला दुधाचा वास होता. आत कुणीतरी हुंदका दिला आणि शकू तोंड मिटून माझ्याकडं बघत होती.

माझ्या लुगड्याचा पदर फाडून आत घातला. जे न्यायचं ते माझं ने म्हटलं.

टोपडं चुलीत घालणार होते. फोड आठवला. धजले नाही. धुऊन देवाच्या कोनाड्यात ठेवलं.

पौष शुद्ध द्वितीया

शकू वाकळ नको म्हणते! उघड्यावर झोपते, अंग गरम, भाकरीसाठी भांडते. आज मला चावली. जीव भांड्यात पडला माझा.

माझ्या बांगड्या भांडी घासताना गळून पडल्या. न फुटता.

पौष शुद्ध षष्ठी

आता मला तिच्याविना ऊब नाही. दिवसभर तिच्यातच. गोळे दोनच आहेत. पण शकूचा जो होता तो आता मोठा व्हायलाय.

अक्का म्हणतात, मी संपले की ती परत भाकरीवर येईल. तोंड उघडं पाहिजे. सोमवारी घास पाहिजे. आणि शकूचं काही म्हणजे काही आत जायला नको. मास्तरांना तीन-तीनदा सांगितलं. ते मान डोलावतात, कपाळावर हात ठेवतात. ताप आहे म्हणतात.

भला माणूस आहे. माझ्या उशाशी बसून रडतो —

पौष शुद्ध दशमी

उजवा हात उचलत नाही. डाव्यानं लिहायलेय.

बोलते, पण तोंडातून आवाज येत नाही. खालून येतो. वाकळेतून, बारीक. मास्तरांना ऐकू जात नाही. शकूला जातो. ती वाकळेला कान लावून आई म्हणते —

पौर्णिमा

अक्का गावाला गेल्यात, बहिणीकडं. उद्या येतील.

मास्तर आज मदरशात गेले नाहीत. सकाळपासून खुशीत. म्हणाले, तुला बरं वाटेल असं काहीतरी करतो. सुई-दोरा घेऊन पायथ्याशी बसलेत. जन्मात कधी सुई धरली नाही ह्या माणसानं. म्हणतात, तुझी वाकळ अर्धवट राहिली म्हणून तुझा जीव अडकलाय. मी पुरी करतो.

नको म्हणते. आवाज खालून —

हे पुस्तक पुढं केलं. वाच म्हणून. त्यांनी माझा हात परत ठेवला. लिही, लिही म्हणाले, तेवढंच मन रमेल.

शकू त्यांच्या मांडीवर. दोरा धरायलीय. हसायलीय.

चार बोटं उरली शिवायची —

थांबले. उठले. देवाच्या कोनाड्याकडं गेले. म्हणाले, बघ, विसरलो नाही. तुझ्या माहेरची रीत. ज्याच्यासाठी वाकळ त्याचं कापड. वाकळ शकूची, मग —

हातात टोपडं. मास्तर, नको, ते नको, शकूचं ते —

आत सारलं. थोपटलं.

तीन बोटं. शकूनं सुई त्यांच्या हातात दिली. दोन. शकूचे हात गार पडले का बघा हो, कुणीतरी तिचे हात —